बास्केटबॉल आणि उंची: मराठवाड्यातल्या संघांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विभागीय स्पर्धा आटोपल्या की जालना, परभणी, नांदेड, लातूर, बीडकडून त्याच त्या प्रश्नांची रांग लागते. विचारणारे कधी क्रीडा शिक्षक असतात, कधी पालक, आणि बऱ्याचदा हरलेल्या संघाचा कप्तान. सूर एकच: "सर, समोरचे फार उंच होते." ते खरंही असतं, पण हरण्याचं कारण दरवेळी तेच नसतं. असे प्रश्न इथं एकत्र केले आहेत. एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्यात आलं असेल तर तिथं क्रमांक दिला आहे.

१. माझी उंची पाच फूट चार इंच आहे. बास्केटबॉल सोडून द्यावा का?

नाही. मग्सी बोग्ज हा पाच फूट तीन इंचांचा खेळाडू १९८७ ते २००१ एनबीएमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये, खेळला. पण त्याचं नाव घेऊन स्वतःची समजूतही काढू नका. त्याच्याइतक्या कमी उंचीचा दुसरा कुणी तिथं पोचलेला नाही. तो टिकला, कारण त्याच्या हातातला चेंडू सहसा कुणाला काढता यायचा नाही आणि समोरच्या गार्डला, म्हणजे चेंडू पुढं आणणाऱ्याला, तो सुखानं ड्रिबल करू (चेंडू टप्पे देत नेऊ) द्यायचा नाही. तुमच्या उंचीच्या खेळाडूला या दोन गोष्टी याव्याच लागतात. उंच मुलाला त्या आल्या नाहीत तरी चालून जातं, तुमचं चालणार नाही. हा अन्याय आहे, पण खेळ तसाच आहे.

२. उंचीचा फायदा नेमका कुठं होतो?

रिंग जमिनीपासून ३.०५ मीटरवर असते आणि ती कुणासाठी खाली येत नाही. त्यामुळं रिंगच्या आसपासच्या दोन-तीन मीटरमध्ये उंची बोलते: रिबाउंड (चुकलेल्या शॉटचा परत आलेला चेंडू) घेणं, समोरच्याचा शॉट अडवणं आणि डोक्यावरून आलेला पास पकडणं. त्याच्या बाहेर तिचा भाव झपाट्यानं उतरतो. ६.७५ मीटरवरच्या थ्री-पॉइंट रेषेजवळ सहा फुटी मुलगा आणि साडेपाच फुटी मुलगा यांच्यात फरक पाडतात ते पाय आणि मनगट.

आणखी एक गोष्ट: उंची मोजताना आपण डोक्यापर्यंत मोजतो, पण चेंडू डोक्यानं पकडत नाहीत. निवड चाचणीत मुलांना भिंतीला पाठ लावून दोन्ही हात आडवे पसरायला लावा आणि एका मधल्या बोटापासून दुसऱ्यापर्यंत मोजा. मग एक हात सरळ वर करून बोट कुठवर पोचतं त्याची खडूनं खूण करा. एकाच उंचीच्या दोन मुलांमध्ये या खुणेत वीतभर फरक निघू शकतो. गोल्डन स्टेटचा ड्रेमंड ग्रीन सहा फूट सहा इंचांचा, म्हणजे सेंटर (रिंगखाली खेळणारा) म्हणून बुटकाच. पण त्याच्या हातांचा पसारा सात फुटांच्या वर आहे.

३. आणि अ‍ॅथलेटिक खेळाडू म्हणजे जास्त उडी मारणारा, असंच ना?

आपल्याकडं निवड चाचणीत उभी उडी मोजतात, कारण ती मोजायला सोपी आहे. सामन्यात मात्र जास्त उपयोगी पडतात तीन गोष्टी: बाजूला सरकण्याचा वेग, धावता धावता थांबण्याची ताकद आणि दुसरी उडी. चेंडू पहिल्या उडीत कुणाच्याच हाती लागला नाही, तर खाली येताच जो पटकन पुन्हा उडतो, रिबाउंड त्याचा.

डेन्व्हरच्या निकोला योकिचची उडी एनबीएत चेष्टेचा विषय आहे. २०१४ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, तो ४१ वा निवडला गेला. पुढं तीनदा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि २०२३ मध्ये संघाला विजेतेपद मिळवून दिलं. अर्थात तो जवळपास सात फुटांचा आहे, हे विसरू नका. त्याच्याकडं उंची होती, उडी नव्हती. उंची आणि उडी दोन्ही नसतील तर पाय विजेसारखे हवेत. तिन्ही नसून चालेल, असं मी कुणाला सांगणार नाही.

४. आमचा संघ जिल्ह्यात दरवर्षी जिंकतो आणि विभागात पहिल्या-दुसऱ्या फेरीत हरतो. उंचीमुळंच ना?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच. उत्तर अंदाजानं देऊ नका, वहीत बघा.

जिल्ह्यात बऱ्याच ठिकाणी मोजकेच संघ असतात. तिथं तुमचा एक चांगला ड्रिबलर सगळ्यांना चकवून रिंगखाली पोचतो. विभागात त्याच्यासमोर पहिल्यांदाच कुणीतरी नीट उभं राहतं. मग चेंडू सुटतो, घाईत ले-अप (रिंगखाली पळत येऊन मारलेला शॉट) चुकतो, आणि हे सगळं 'समोरचे उंच होते' या एका वाक्यात गुंडाळलं जातं.

बाकावरच्या एका पोराला वही देऊन बसवा. पानावर चार रकाने आखायला सांगा: रिंगखालून चुकलेले शॉट, फुकट घालवलेले चेंडू, आपल्या रिंगखाली समोरच्यांनी घेतलेले रिबाउंड, चुकलेले फ्री थ्रो (फाउलबद्दल मिळणारे मोकळे शॉट). पहिल्या रकान्यात एक बारकावा हवा. ले-अप चुकला तेव्हा समोर उंच खेळाडूचा हात खरंच आडवा आला असेल, तर त्या खुणेभोवती गोल करायचा. मोकळा असताना चुकला तर नुसती खूण.

आता समजा तुम्ही ५२-३८ असे हरलात. वही सांगते: मोकळे ले-अप चुकले ८, गोल केलेले ३. फ्री थ्रो १५ मिळाले, लागले ५. आपल्या रिंगखालच्या त्यांच्या रिबाउंडवरून त्यांचे गुण झाले ८. चेंडू फुकट गेले १८. चुकलेल्या मोकळ्या ले-अपपैकी निम्मे पडले असते तर ८ गुण, हुकलेल्या फ्री थ्रोंपैकी निम्मे पडले असते तर ५. मिळून १३, म्हणजे १४ च्या फरकातला एकच गुण उरला, आणि फुकट गेलेल्या १८ चेंडूंना आपण अजून हातही लावलेला नाही. फ्री थ्रोच्या वेळी समोर हात वर करून कुणी उभं नसतं. तिथं उंचीची सबब चालत नाही.

उलटही घडतं. गोल केलेल्या खुणा दहा-बारा आणि तिसरा रकाना भरून वाहतोय, तर प्रश्न खरोखर उंचीचा आहे. मग ५, ६ आणि ९ वाचा.

५. उंच मुलांसमोर रिबाउंड घ्यायचा कसा?

चेंडूकडं बघत उभं राहायचं नाही, हे पहिलं. शॉट सुटला की आपली सगळी पोरं मान वर करून रिंगकडं बघत बसतात आणि मागून उंच पोरगा आरामात पुढं येतो.

बॉक्स आउट असा असतो: शॉट सुटताक्षणी आपला माणूस शोधायचा आणि पुढचा हात त्याच्या छातीशी आडवा ठेवून तो कुठून निघालाय ते हातानं ओळखायचं. मग त्याच्या वाटेत पाय टाकून वळायचं आणि पाठ त्याला लावायची. गुडघे वाकलेले, पाय खांद्यापेक्षा रुंद, कोपर बाहेर पण हलवायचे नाहीत. आपली बैठक त्याच्या मांड्यांच्या पातळीला आली पाहिजे. कंबर खाली असेल तर सहा फुटी मुलालाही तुम्हाला ओलांडून उडी मारता येत नाही, मारली तर फाउल त्याचा. इथं बुटकेपणाचा चक्क फायदा आहे. मागं ढकलत नेलं तर मात्र फाउल तुमचा.

सगळ्यात महत्त्वाचं, बॉक्स आउट करणाऱ्यानंच चेंडू घ्यायला हवा असं नाही. पाचही जणांनी आपापला माणूस अडवला की चेंडू जमिनीवर एक टप्पा पडतो, आणि एकदा टप्पा पडला की तो चपळ पोराचा. सरावात हाच नियम ठेवा: टप्पा पडल्याशिवाय कुणी उचलायचा नाही. आठवड्याभरात फरक दिसतो.

६. समोर उंच सेंटर असेल तर झोन खेळावा की मॅन-टू-मॅन?

झोनमध्ये प्रत्येकानं आपली जागा राखायची, मॅन-टू-मॅनमध्ये आपला माणूस. बहुतेक प्रशिक्षक अशा वेळी २-३ झोन लावतात, पुढं दोन आणि मागं तीन. रिंगखाली तीन माणसं असल्यानं धीर वाटतो. पण झोनमध्ये बॉक्स आउटला कुणाचा माणूस कोण हे ठरलेलं नसतं. म्हणजे ज्या उंचीच्या भीतीनं झोन लावला, तीच उंची रिबाउंडला हात धुऊन घेते.

मला मॅन-टू-मॅनमध्ये सेंटरच्या पुढं उभं राहणं जास्त पटतं. त्याच्या मागं नाही, त्याच्या आणि चेंडूच्या मधे. त्याच्यापर्यंत चेंडू पोचायचा तर डोक्यावरून उंच पास द्यावा लागतो, आणि असा पास हवेत जास्त वेळ राहतो. तेवढ्या वेळात दुसऱ्या बाजूचा गडी मदतीला पोचला पाहिजे. चेंडूवाल्यावर दबाव नसेल तर यातलं काहीच चालत नाही, कारण तो निवांतपणे हवा तसा पास टाकतो. समोरच्या संघाला लांबून शॉट अजिबात पडत नसतील, तर झोन खुशाल लावा.

७. उंची नाही म्हणून पूर्ण मैदानावर प्रेस लावायचा ठरवला. पोरं दुसऱ्या क्वार्टरलाच दमतात. काय चुकतं?

प्रेसची, म्हणजे चेंडूवाल्याला मैदानभर दाबून धरण्याची, कल्पना बरोबर आहे. समोरच्यांना ८ सेकंदांत चेंडू अर्ध्याच्या पुढं न्यावा लागतो आणि २४ सेकंदांत शॉट घ्यावा लागतो. चेंडू आणण्यातच त्यांचा वेळ गेला तर सेंटरला उभं राहायला जागा आणि सवड मिळत नाही. पण प्रेस पाच जणांनी खेळायची गोष्टच नाही. संघात १२ जण असतात. त्यातले नऊ-दहा तरी दोन-तीन मिनिटं जीव तोडून खेळणारे हवेत. आपल्याकडं सहावा खेळाडू मैदानात येतो तो कुणाचा पाय मुरगळला तरच.

दमाची तयारीही चुकीची होते. सकाळी मैदानाला दहा फेऱ्या मारल्यानं लांब पळण्याचा दम वाढतो. बास्केटबॉलमध्ये मात्र २८ मीटरच्या मैदानात पळायचं, थांबायचं, वळायचं आणि पुन्हा पळायचं असतं. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये राष्ट्रकुलचं रौप्य घेऊन आला. त्याचा दम जगात गाजला, पण प्रेसला लागणारा दम त्या जातीचा नाही. तो खो-खोत मिळतो. धाराशिवच्या सारिका काळेला २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला तो खो-खोसाठी. आपल्या भागात खो-खोची अशी परंपरा असताना बास्केटबॉलचे प्रशिक्षक त्या मैदानाकडं बघतही नाहीत, याचं मला कायम नवल वाटतं. खांबाला वळसा घालणारी, हुल देऊन दिशा बदलणारी मुलगी बचावाला तयारच असते. तिला फक्त चेंडू शिकवायचा.

८. मोठ्या स्तरावर कमी उंचीचा संघ कधी जिंकलाय का?

जिंकलाय, पण प्रत्येक उदाहरणाला शेपूट आहे.

२०१५ च्या एनबीए अंतिम मालिकेत गोल्डन स्टेट २-१ ने मागं होतं. चौथ्या सामन्यात त्यांनी सात फुटी अँड्र्यू बोगटला बसवलं आणि आंद्रे इगुडालाला सुरुवातीपासून खेळवलं. पुढचे तिन्ही सामने जिंकले आणि मालिकेतला सर्वोत्तम खेळाडू इगुडालाच ठरला. शेपूट असं की त्या संघात स्टेफ करी आणि क्ले थॉम्पसनसारखे लांबून मारणारे होते. समोरच्यांना बाहेर यावंच लागायचं.

एनबीएतल्याच ह्यूस्टननं २०२० मध्ये हेच टोकाला नेलं. आपला सेंटर क्लिंट कपेला दुसऱ्या संघाला देऊन टाकला आणि सहा फूट पाच इंचांच्या पी. जे. टकरला सेंटरला उभं केलं. दुसऱ्या फेरीत लेकर्सनी त्यांना ४-१ असं हरवलं. गंमत म्हणजे लेकर्सनी त्यासाठी आपले जड सेंटर फारसे वापरलेच नाहीत. उंचही आणि चपळही असलेल्या अँथनी डेव्हिसला मधे आणलं.

जपानच्या मुलींचा संघ २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीत पोचला. उपांत्य सामन्यात फ्रान्सविरुद्ध १६२ सेंटिमीटरच्या रुई माचिदानं १८ असिस्ट (थेट बास्केट घडवणारे पास) दिले. वेग, पास आणि थ्री-पॉइंटर यांवर सगळा डोलारा. अंतिम सामन्यात अमेरिकेकडं २०६ सेंटिमीटरची ब्रिटनी ग्रायनर होती. तिनं ३० गुण केले आणि जपान ९०-७५ असा हरला.

यातून माझं मत असं झालंय: पाय आणि हात चांगले असतील तर कमी उंचीचा संघ शेवटच्या चारांत येतो. शेवटचा सामना जिंकायला रिंगखाली एक तरी लांब हातांचा, हलता माणूस लागतो. एक पुरतो, पाच लागत नाहीत. २०१४ मध्ये वुहानला भारतानं चीनला ६५-५८ असं हरवलं, तेव्हा आपल्याकडंही रिंगखाली अमृतपाल सिंग होताच.

९. गावात सहा फूट दोन इंचांचा सतरा वर्षांचा मुलगा आहे. व्हॉलीबॉल खेळतो, बास्केटबॉल कधीच खेळला नाही. घ्यावा का?

घ्या. हकीम ओलाजुवान लागोसमध्ये हँडबॉल आणि फुटबॉलचा गोलरक्षक होता आणि पंधरा वर्षांचा होईपर्यंत बास्केटबॉल खेळलाच नव्हता. १९९४ आणि १९९५ ला त्यानं ह्यूस्टनला विजेता केलं. त्याच्या पायांची नजाकत त्या आधीच्या खेळांतून आली. व्हॉलीबॉलवाल्याला उडीची वेळ कळते, कबड्डीवाल्याला अंग लावायची भीती नसते.

पण पहिल्या वर्षी त्याला ड्रिबल शिकवत बसू नका. चेंडू दोन्ही हातांनी पकडणं, हनुवटीखाली न आणणं, पिव्हट करून, म्हणजे एक पाय जागेवर रोवून, रिंगकडं वळणं आणि बोर्डला लावून जवळून शॉट, एवढंच. आपली पोरं उंच मुलाला चेंडू देतात, तो खाली आणतो आणि बारकं पोरगं तो हिसकावून पळतं. हे दृश्य मी इतक्या वेळा पाहिलंय की त्यावर वेगळा सराव घेतो.

फाउलचं आधीच सांगून ठेवा. नवा उंच मुलगा प्रत्येक शॉटवर हात खाली मारतो. पाच फाउल झाले की बाहेर. त्याला म्हणावं, हात सरळ वर ठेव आणि जागेवर उभा राहा, एवढ्यानंच समोरचा बिचकेल.

अपेक्षा मात्र बेतानं ठेवा. पंजाबचा सतनाम सिंग सात फुटांहून उंच. २०१५ मध्ये डॅलसनं त्याला ५२ व्या क्रमांकावर निवडलं, तरी एनबीएचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही.

१०. लटकून, पावडर खाऊन उंची वाढते का?

नाही. हाडांच्या टोकांच्या वाढीच्या पट्ट्या बंद झाल्या की वाढ थांबते, आणि कुठपर्यंत वाढायचं हे बरंचसं आईवडिलांकडून येतं. पोटभर जेवण, झोप आणि आजारपणाकडं वेळेवर लक्ष, एवढंच आपल्या हातात. भाकरी, वरण, शेंगदाणे, अंडी, दूध. डब्यांवर पैसे घालवू नका. वयाच्या मानानं वाढ फारच कमी वाटली तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

११. अंडर-१४ ला समोरची पोरं बाप्यांसारखी दिसतात. वय चोरलंय का?

कधी चोरलेलं असतं. शंका असेल तर स्पर्धेच्या नियमांप्रमाणे वेळेत लेखी आक्षेप घ्या. मैदानावर आरडाओरडा केल्यानं काही होत नाही.

पण बऱ्याचदा ते लवकर वाढलेले असतात. मुलांची उंची साधारण चौदाव्या वर्षाच्या आसपास सर्वात वेगानं वाढते, मुलींची बाराव्या. कुणाचं हे दोन वर्षं आधी होतं, कुणाचं नंतर. त्यामुळं तेरा वर्षांचा सर्वात उंच मुलगा अठराव्या वर्षी मध्यम निघू शकतो. या वयात त्याला फक्त रिंगखाली उभं करणं म्हणजे त्याचंच नुकसान. वाढ थांबली की तो ना सेंटर उरतो ना गार्ड. या गटात सगळ्यांना सगळं शिकवा.

१२. उड्यांचा सराव सिमेंटच्या मैदानावर करावा का?

मोजकाच. जोराच्या वाढीच्या काळात गुडघ्याच्या वाटीखालचं हाड दुखायला लागतं, टेंगूळ येतं. उड्या मातीवर किंवा गवतावर घ्या, एक दिवस सोडून घ्या, आणि आधी नीट खाली उतरायला शिकवा: आवाज न करता, गुडघे आत न झुकवता. दुखणं राहिलं तर डॉक्टरांकडं जा, बाम चोळून खेळवू नका. मे महिन्यात पारा ४२ च्या वर असताना संध्याकाळीही सिमेंट तापलेलंच असतं, सराव पहाटे उरका.

१३. उंच मुलं अकरावीला क्लास लावतात आणि खेळ सोडतात. संघ कसा बांधायचा?

लातूर पॅटर्नपुढं कुणाचं काही चालत नाही. पालकांशी भांडण्यापेक्षा आठवड्यातून तीन पहाटा मागा, त्या बहुधा मिळतात. क्रीडा गुण आणि शासकीय नोकरीतलं खेळाडूंचं ५ टक्के आरक्षण यांची माहिती द्या, पण ते कोणत्या स्तरावर मिळतं हे नियम वाचूनच सांगा. आणि संघाची सगळी मांडणी एका उंच मुलावर टाकू नका. आज ना उद्या तो नीटची टेस्ट आहे म्हणून येणार नाही.

१४. मुलींच्या संघाला हेच सगळं लागू?

रिंग तेवढ्याच उंचीवर, चेंडू थोडा लहान, सहा नंबरचा. शालेय पातळीवर मुलींच्या सामन्यांत हवेतून शॉट अडवणं फारच कमी दिसतं, म्हणून उंचीचा भाव आणखी उतरतो आणि ७ मधल्या खो-खोच्या मुद्द्याचा वाढतो. नव्यानं संघ उभा करायचा असेल तर मी मुलींपासून सुरुवात करीन.

१५. थ्री-ऑन-थ्रीमध्ये आम्हाला जास्त संधी आहे का?

आहे आणि नाही. अर्धं मैदान, १२ सेकंदांत शॉट, लांबून पडला तर २ आणि जवळून १ गुण. म्हणजे लांबचा शॉट दुपटीचा, तो ज्याला पडतो त्याची चांदी. पण तिघांतच खेळ असल्यानं मदतीला धावणारे कमी. तुमच्या बारक्या पोराला उंच मुलाबरोबर रिंगखाली अडकवलं तर सुटका नाही.

१६. आमचा एकमेव उंच मुलगा संथ आहे. तो खेळला की फास्ट ब्रेक (चेंडू मिळताच पळत जाऊन हल्ला) बंद पडतो, बसवला की रिबाउंड जातात. काय करावं?

याला एकच उत्तर नाही, समोरच्या संघाप्रमाणे ठरवा. त्यांचा सेंटर रिंगखालीच उभा राहत असेल तर तुमचा खेळवा, दोघंही संथ, हिशेब फिटला. त्यांचे पाचही जण बाहेरून खेळत असतील तर त्याला बसवा, नाहीतर ते त्यालाच बाहेर ओढून दरवेळी स्क्रीनमध्ये, म्हणजे वाटेत उभ्या केलेल्या गड्यात, अडकवतील. मधला मार्गही आहे: त्यानं रिबाउंड घेऊन पहिला पास द्यायचा आणि मागं राहायचं. पुढं चौघांनी पळायचं. तो अर्ध्या मैदानापर्यंत पोचेस्तोवर शॉट झालेला असतो. चुकून चेंडू परत आला तर बचावाला तो आधीच जागेवर. त्या पहिल्या पासचा सराव रोज घ्या, कारण संथ मुलगा चेंडू मिळाल्यावर खाली बघतो. त्यानं आधी साइडलाइनकडं बघायला हवं.